कॅन्सर वाढला, हे मोजायचे कसे?

‘पूर्वी एवढा कॅन्सर नव्हता’ हे वाक्य जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात आज कुठेही ऐकू येते. अडावदला, धानोऱ्याला, लासूरला आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरही. बोलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ओळखीची माणसे असतात. कुणाच्या चुलत्याच्या गालात गाठ झाली, कुणाच्या वहिनीला मुंबईला ‘टाटाला’ न्यावे लागले. कारणही लगेच पुढे येते: केळी-कपाशीवरची फवारणी, गुटखा, बोअरचे पाणी. शिकलेली माणसे हे बोलणे अनेकदा उडवून लावतात. मला ते पटत नाही. लोकांनी पाहिलेले रुग्ण खरे आहेत आणि त्यांची भीतीही खरी आहे. मात्र रुग्ण जास्त दिसू लागले, यावरून आजाराचा धोका वाढला असे कधी म्हणता येते, हा वेगळा प्रश्न आहे. तो सोडवण्यासाठी गेल्या साठ-सत्तर वर्षांत संख्याशास्त्राने बरीच साधने घडवली. ती काय सांगतात, कुठे थांबतात आणि चोपड्यासारख्या तालुक्याला लावायची तर काय आडवे येते, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

सुरुवात भागाकारापासून करावी लागते. दर म्हणजे ठरावीक मुदतीत सापडलेले नवे रुग्ण भागिले तेवढ्या काळात तिथे राहणारी लोकसंख्या. वर नवे रुग्णच हवेत, उपचार घेत असलेले जुने नकोत. आणि खालची लोकसंख्या त्याच भागातली हवी जिथले रुग्ण वर मोजले. हे जमवण्यासाठी लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी लागते. एका ठरलेल्या भूभागातला प्रत्येक रहिवासी रुग्ण, तो कुठल्याही दवाखान्यात गेला तरी, एकदाच आणि नक्की मोजला जाईल अशी ती व्यवस्था असते. भारतात असे पहिले केंद्र 1963 साली मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केले, त्यामागे डॉ. डी. जे. जस्सावाला यांची दूरदृष्टी होती. पुढे पुणे, औरंगाबाद आणि नागपूरलाही नोंदणी सुरू झाली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम 1981 च्या अखेरीस आला. आणि 1987 मध्ये बार्शीत ग्रामीण नोंदणी सुरू झाली. आपल्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची तीच.

राष्ट्रीय कार्यक्रमाच्या 2012 ते 2016 या काळाच्या अहवालात देशभरातली 28 लोकसंख्याधारित केंद्रे होती. त्यांत महाराष्ट्रातली मुंबई, पुणे, औरंगाबाद, नागपूर, वर्धा, बार्शी आणि उस्मानाबाद-बीड ही केंद्रे होती. खान्देशातल्या जळगाव, धुळे, नंदुरबार यांपैकी एकही जिल्हा त्यात नव्हता.

याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. चोपड्याचा रुग्ण जळगावला, धुळ्याला, नाशिकला, इंदूरला किंवा मुंबईला जातो. मुंबईच्या नोंदणीत तो येत नाही, कारण तिथे मोजायचे ते मुंबईचे रहिवासी. किमान वर्षभराचे वास्तव्य हा नेहमीचा निकष. ज्या रुग्णालयात तो दाखल झाला तिथली रुग्णालयीन नोंदणी त्याला टिपते, पण रुग्णालयाला स्वतःची लोकसंख्या नसते. तिथे यंदा खान्देशातले रुग्ण वाढले, तर आजार वाढला, की रस्ता सुधारला, की सरकारी आरोग्य योजनेचे कार्ड मिळाले, हे त्या आकड्याला सांगता येत नाही. अशा रीतीने चोपड्याचा माणूस उपचाराच्या फायलीत असतो आणि दराच्या हिशेबात कुठेच नसतो.

समजा, दर मिळाला. तरी पहिला सापळा वयाचा. कॅन्सर हा मुख्यतः वाढत्या वयाचा आजार आहे, आणि आपली लोकसंख्या वयस्क होते आहे. एक काल्पनिक हिशेब मांडतो. तीन लाख वस्तीचा तालुका घ्या. 35 वर्षांखालच्यांत लाखामागे 10, 35 ते 64 मध्ये 150 आणि 65 च्या पुढे 500 नवे रुग्ण, असे दर धरा. लोकसंख्येत हे तीन गट 65, 30 आणि 5 टक्के असतील तर एकूण दर लाखामागे 76.5 येतो, म्हणजे वर्षाला सुमारे 230 रुग्ण. वीस वर्षांनी कोणत्याही वयाचा धोका तसूभरही वाढलेला नाही, फक्त हे गट 54, 37 आणि 9 टक्के झाले आहेत. आता दर 105.9, रुग्ण 318. वाढ 38 टक्के. गावातल्या माणसाला ही वाढ दिसणारच, आणि तिच्यामागे फवारणी नाही, गुटखा नाही, फक्त माणसे जास्त जगली एवढेच आहे.

यावरचा उपाय म्हणजे वयसमायोजित दर. प्रत्येक वयोगटाचा दर एका ठरावीक प्रमाण लोकसंख्येच्या वजनाने मोजायचा. जपानच्या सेगी यांनी 1960 मध्ये सुचवलेली आणि पुढे डॉल व सहकाऱ्यांनी 1966 मध्ये थोडी बदललेली ‘जागतिक प्रमाण लोकसंख्या’ आजही जगभर वापरतात. तिच्यात वरचे तीन गट 62, 31 आणि 7 टक्के येतात. आपल्या काल्पनिक तालुक्याचा वयसमायोजित दर दोन्ही वेळी 87.7 निघतो. भ्रम संपला. म्हणून कॅन्सर इतक्या टक्क्यांनी वाढला अशी बातमी वाचताना मी आधी पाहतो तो दर वयसमायोजित आहे की नुसती रुग्णसंख्या आहे. बहुतेकदा नुसती संख्याच असते. रुग्णसंख्या निरुपयोगी नाही. किती खाटा, किती किरणोपचार यंत्रे लागतील हे तिच्यावरूनच ठरते. धोका वाढला का, हे मात्र तिच्यावरून ठरत नाही.

भागाकाराच्या खालची बाजूही तितकीच दगा देते. दोन जनगणनांच्या मधल्या वर्षांची लोकसंख्या अंदाजाने धरावी लागते. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या 2001 मध्ये 33 लाखांच्या वर होती, ती 2011 मध्ये 31 लाखांच्या आत आली. जुनी वाढ पुढे ओढून कुणी अंदाज केला असता तर छेद फुगला असता आणि दर उगाच कमी दिसला असता. आज तर 2021 ची जनगणना वेळेवर न झाल्याने सगळा देश 2011 च्या पायावर अंदाज बांधतो आहे. जळगाव जिल्ह्याचे 42 लाख 30 हजार हेही 2011 चेच. त्यानंतर किती तरुण सुरत, पुणे, नाशिककडे गेले, ऊसतोडीला आणि बांधकामाला किती कुटुंबे बाहेर असतात, हे धरले नाही तर एकेका वयोगटाचा दर बिघडतो.

आता काळाबरोबरच्या बदलाकडे. सगळ्यात साधी रीत अशी: दरवर्षीच्या दराचा लॉगॅरिदम घ्यायचा आणि वर्षांवर सरळ रेषा बसवायची. रेषेच्या उतारावरून ‘वार्षिक टक्के बदल’ मिळतो. लॉगॅरिदम यासाठी, की दर साधारणपणे बेरजेने बदलत नाहीत, टक्क्यांनी बदलतात. पण तीस वर्षांत एकच उतार कशाला राहील? म्हणून आली जॉइनपॉइंट पद्धत. किम, फे, फॉयर आणि मिडथून यांनी 2000 साली ती मांडली आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने तिचे सॉफ्टवेअर फुकट उपलब्ध केले. एका रेषेऐवजी अनेक तुकडे जोडायचे, वळणे कोणत्या वर्षी आहेत हे आकड्यांनाच शोधू द्यायचे, आणि प्रत्येक जादा वळण खरोखर गरजेचे आहे का हे आकड्यांची उलटापालट करून तपासायचे. आज कॅन्सरच्या कलावरचे बरेच लेख याच पद्धतीने लिहिले जातात.

तिचा गैरवापरही तेवढाच होतो. सात ते अकरा वर्षांचे आकडे असतील तर फार तर एक वळण शोधावे, असा त्या सॉफ्टवेअरचाच संकेत आहे. तरी छोट्या मालिकेत दोन-तीन वळणे काढून प्रत्येकाला एकेक कारण चिकटवलेले दिसते. वळण कोणत्या वर्षी आहे एवढेच ही पद्धत सांगते. का आहे, ते सांगत नाही.

खान्देशाचेच उदाहरण घेऊ. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना, म्हणजे आजची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना, जुलै 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात धुळे होते, जळगाव नव्हते. राज्यभर ती नोव्हेंबर 2013 मध्ये गेली. आणि जुलै 2012 मध्येच राज्यात गुटखाबंदी लागू झाली. समजा, त्या काळात दोन्ही जिल्ह्यांत उत्तम नोंदणी असती आणि धुळ्यात 2012 नंतर तोंडाच्या कॅन्सरचा दर उसळलेला दिसला असता. काय म्हणाल? फुकट उपचार मिळू लागल्याने जे रुग्ण आधी घरीच राहून जात ते दवाखान्यापर्यंत आले, ही एक शक्यता. जळगावात तशीच उसळी सव्वा वर्ष उशिरा दिसली असती, तर ही शक्यता पक्की झाली असती. धुळ्याने आधी आणि जळगावने नंतर वळण घेणे हा योजनेचा ठसा. गुटखाबंदीचा ठसा मात्र तिथे शोधणेच चूक, कारण तंबाखूने होणारा कॅन्सर घडायला सहसा काही दशके लागतात. 2012 च्या बंदीचा परिणाम 2013 च्या नव्या रुग्णांत दिसू शकत नाही. दोन शेजारचे जिल्हे, एकच भाषा, एकच पीकपद्धती आणि एका सरकारी योजनेचे दोन टप्पे. कल तपासण्यासाठी इतकी चांगली तुलना क्वचित मिळते. ती वाया गेली, कारण मोजणारे कुणी नव्हते.

निदान वाढल्याने दर वाढतो, याचे जगातले सर्वात बोलके उदाहरण दक्षिण कोरियाचे आहे. तिथे इतर तपासण्यांबरोबर गळ्याची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली, आणि 1993 ते 2011 या काळात थायरॉइड कॅन्सरचा दर पंधरापट झाला. त्याने होणारे मृत्यू होते तेवढेच राहिले. म्हणून नव्या रुग्णांचा कल कधी एकटा वाचू नये. शेजारी मृत्युदराचा कल, रुग्ण कोणत्या टप्प्यावर सापडले ते, आणि बायोप्सीने खात्री झालेल्यांचे प्रमाण ठेवावे. आपल्याकडे यातला मृत्युदर सर्वात कच्चा. खेड्यात घरी झालेल्या मृत्यूची नोंद होते, पण मृत्यूचे वैद्यकीय कारण बहुधा लिहिले जात नाही. उलट दिशेचा धक्काही ध्यानात ठेवावा: देशातल्या 41 कर्करोग केंद्रांत मार्च ते मे 2020 मध्ये नव्या रुग्णांची नोंदणी आदल्या वर्षीच्या तुलनेत 54 टक्क्यांनी घटली. आजार घटला नव्हता, वाट बंद होती. मालिकेत 2020 सरळ धरले तर पुढची सगळी रेषा वाकडी जाते.

या सगळ्या साधनांत मला सर्वात मोलाचे वाटते ते वय, काळ आणि जन्मपिढी यांना एकत्र तपासणारे पृथक्करण. धोका तीन वाटांनी बदलतो. माणूस वयस्क होतो म्हणून. एखाद्या काळात सगळ्यांवरच काही परिणाम होतो म्हणून, जसे नवी तपासणी. आणि एखादी पिढीच वेगळे आयुष्य घेऊन येते म्हणून. सातपुड्याच्या पायथ्याशी 1950 मध्ये जन्मलेली बाई आणि 1985 मध्ये जन्मलेली तिची नात यांचे लग्नाचे वय, बाळंतपणांची संख्या, पहिले मूल झाले ते वय, मिसरी लावण्याची सवय, हे सगळे वेगळे आहे. मुलीच्या लग्नाचे वय 18 करणारी कायद्यातली दुरुस्ती 1978 ची. तिचा अंमल कागदावर किती आणि घरात किती, हा वाद वेगळा, पण बदल पिढीगणिक झाला हे नक्की. गर्भाशयमुखाच्या आणि स्तनाच्या कॅन्सरवर याच गोष्टींचा परिणाम होतो.

अडचण अशी, की जन्मवर्षात वय मिळवले की चालू वर्ष येते. तिन्हींपैकी दोन कळली की तिसरे आपोआप ठरते. त्यामुळे दर सरळ रेषेत वाढत असेल, तर ती वाढ काळामुळे की पिढीमुळे, हे कोणतेही गणित सांगू शकत नाही. क्लेटन आणि शिफलर्स यांनी 1987 मध्ये हे स्पष्ट मांडले आणि अशा न विभागता येणाऱ्या सरळ वाढीला एकत्रच मोजायला सांगितले. रेषा जिथे वाकते ती वाकणी मात्र ओळखता येते: अमुक सालानंतर जन्मलेल्यांत वाढीचा वेग बदलला, हे विधान पक्के असते. ही मर्यादा ओलांडल्याचा दावा करणाऱ्या पद्धती अधूनमधून येतात. त्या प्रत्येकीत कुठेतरी एक गृहीतक लपवलेले असते, आणि उत्तर त्या गृहीतकाचे असते.

मुंबईच्या 1976 ते 2005 या तीस वर्षांच्या आकड्यांवर असे पृथक्करण झाले आणि ते 2011 मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ कॅन्सर’मध्ये आले. स्तनाच्या कॅन्सरचा वयसमायोजित दर वर्षाला साधारण एक टक्क्याने वाढत होता, गर्भाशयमुखाचा पावणेदोन टक्क्यांच्या आसपास घटत होता. ही घट शहरभर राबवलेल्या संघटित तपासणीमुळे झालेली नव्हती, कारण तशी तपासणी नव्हतीच. स्त्रियांचे आयुष्य बदलले आणि आजार मागे हटला. हे समजले ते फक्त कुणीतरी 1963 पासून न थांबता नोंदी ठेवल्या म्हणून.

मुंबईचे उत्तर खान्देशाला उसने घेता येत नाही. 2012 ते 2016 च्या त्याच अहवालात उस्मानाबाद-बीडचा वयसमायोजित दर पुरुषांत लाखामागे 39.5 आणि स्त्रियांत 49.4 होता, मुंबईचा दोन्हींत शंभराच्या वर. एका राज्यात एवढे अंतर. चोपडा यात कुठे बसतो? फवारणीची भीती चोपड्यापुरती नाही, पंजाबच्या माळवा भागातही हीच होती. भटिंड्याहून बिकानेरला रुग्णांना नेणारी रेल्वे ‘कॅन्सर ट्रेन’ म्हणून देशभर गाजली. तिथे नोंदणी केंद्रे उभी राहिल्यावर दिसले, की मानसा आणि संगरूर या शेतीप्रधान जिल्ह्यांचा एकूण दर चंदीगड शहरापेक्षा कमी आहे. त्यातला काही भाग निदानच कमी होण्याचा असू शकतो. पण चर्चा त्यामुळे अफवेकडून आकड्याकडे आली, आणि कोणता कॅन्सर कुठे जास्त आहे हे विचारता येऊ लागले.

नोंदणी तालुक्याची पुरेल का? पुरणार नाही. तुरळक घटनांची संख्या प्वासाँच्या नियमाने हलते. अपेक्षा 25 ची असेल तर कोणतेही कारण नसताना 16 ते 35 मधला कुठलाही आकडा येऊ शकतो. तीन लाखांच्या तालुक्यात तोंडाच्या कॅन्सरचे वर्षाला 25 रुग्ण धरा. दर खरोखर वर्षाला दोन टक्क्यांनी वाढला तरी दहा वर्षांनी ते 30-31 होतील. ही वाढ योगायोगाच्या हेलकाव्यात बुडून जाते. हाच दर 42 लाखांच्या जिल्ह्यात 350 वरून 427 वर जाईल, आणि ते नुसत्या पहिल्या-शेवटच्या वर्षाच्या तुलनेतही ओळखता येईल. म्हणून नोंदणी जिल्ह्याची हवी आणि ती किमान दहा वर्षे अखंड चालली पाहिजे. एखाद्या गावात एका वर्षी चार रुग्ण निघाले म्हणून त्या गावाला ‘कॅन्सरचे गाव’ म्हणणे अन्यायाचे आहे; तिथल्या मुलींची लग्ने अडतात.

जिल्ह्यात हे शक्य नाही, असे कुणी म्हणेल तर बार्शीकडे पाहावे. नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात डॉ. बी. एम. नेने आणि सहकाऱ्यांनी ऐंशीच्या दशकात, बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांच्या खेड्यांत, जिथे दवाखानेच विरळ होते, नोंदणी उभी केली. रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट न पाहता कर्मचारी गावोगाव गेले, बायकांशी बोलले, अंगावरून जाणारे रक्त लपवू नका म्हणाले. मोजणी आणि जागृती एकाच फेरीत झाली. गर्भाशयमुखाचे कॅन्सर आधीच्या टप्प्यावर सापडू लागले, हे त्यांनी 1995 मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात दाखवून दिले. जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांत आज शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, जनआरोग्य योजनेच्या नोंदी संगणकावर आहेत, गावात आशा कार्यकर्ती आहे. बार्शीकडे 1987 मध्ये यातले काहीच नव्हते.

त्यामुळे माझे मत स्पष्ट आहे. चोपड्यात कॅन्सर वाढला का, या प्रश्नाला आज ‘हो’ म्हणणारा आणि ‘नाही’ म्हणणारा दोघेही अंदाज करत आहेत. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांची लोकसंख्याधारित नोंदणी ही लोकप्रतिनिधींकडे, जिल्हा परिषदेकडे आणि वैद्यकीय महाविद्यालयांकडे मागण्याची गोष्ट आहे. तपासणी शिबिरांची मागणी आपण जेवढ्या जोराने करतो तेवढ्याच जोराने. ती होईपर्यंत वाचकांनी तीन गोष्टी कराव्यात. बाहेरगावी उपचाराला गेल्यावर केसपेपरवर नातेवाइकाच्या खोलीचा पत्ता न देता आपल्या गावाचा आणि तालुक्याचा पत्ता द्यावा. बायोप्सीचा कागद जपून ठेवावा. आणि घरात मृत्यू झाला तर ग्रामपंचायतीत नोंद करताना आजाराचे नाव न लाजता लिहून घ्यावे.